औंधच्या राजानं सँडोच्या पुस्तकातून शरीर कमावलं, आणि पुढं सूर्यनमस्काराचं पुस्तक थेट लंडनला पोचवलं

मनगट धरलं तर कसं सोडवायचं, समोरच्याचा हात कसा पिरगाळायचा, कोपराला कुलूप कसं लावायचं... मोबाईल उघडला की असले व्हिडीओ ढिगानं सापडतात. त्यात ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा माणूस रात्री नऊला लोकलमधून उतरणार, मग क्लासला जाणार कधी? म्हणून बरेच जण जेवणं झाल्यावर हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवतात, मोबाईल भिंतीला टेकवून उभा करतात आणि जुजुत्सूचे डाव शिकायला लागतात. जरा आधीच्या पिढीतल्यांनी हेच पुस्तकातून केलंय. फोटो क्रमांक एक, फोटो क्रमांक दोन आणि खाली दोन ओळी माहिती.

यावर घरातलं कुणीतरी हमखास टोकतं. असलं काही पुस्तक वाचून येत नसतं, त्याला समोर शिकवणारा लागतो.

आता हे खरं की खोटं?

याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागं आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं लागतं. कारण तिथल्या एका राजपुत्रानं हाच प्रयोग स्वतःच्या शरीरावर केला होता. समोर कुणी उस्ताद नाही, आखाडा नाही, फक्त साहेबाच्या देशातून मागवलेलं पुस्तक आणि सामान. तेही थोडेथोडके दिवस नाही, तब्बल दहा वर्षं.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे.

आधी औंध समजून घेऊ

शिवाजी महाराजांच्या काळात अष्टप्रधान होते हे आपण शाळेत शिकलोय. प्रतिनिधी हे पद त्यानंतरचं. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा हे पद तयार झालं. राजाच्या गैरहजेरीत राजाच्या वतीनं कारभार बघणारा तो प्रतिनिधी. पुढं किन्हईचे परशुराम त्रिंबक हे प्रतिनिधी झाले आणि त्यांच्याच घराण्याकडं औंधची जहागीर आली.

इंग्रजांच्या काळात औंध हे एक छोटं संस्थान होतं. क्षेत्रफळ साधारण ५०१ चौरस मैल, गावं ७२. बरं, ही गावंही सलग नव्हती. काही सातारा जिल्ह्यात, काही आटपाडीकडं, काही पार विजापूरच्या बाजूला. मधे दुसऱ्यांचे मुलूख. दुष्काळी भाग, उत्पन्न बेताचं. बडोदा, ग्वाल्हेरसारख्या संस्थानांपुढं औंध म्हणजे हत्तीपुढं शेळी.

अशा संस्थानात २४ ऑक्टोबर १८६८ ला भवानरावांचा जन्म झाला. शिक्षण साताऱ्याला आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बी.ए. झालेला राजपुत्र ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. चित्रं काढायची, कीर्तन करायचं, संस्कृत वाचायचं असे त्यांचे छंद. कॉलेज संपलं आणि वडिलांच्या हाताखाली कारभार शिकायला ते औंधला परतले.

म्हणजे बैठं काम सुरू झालं. दरबार, कागदपत्रं, पंगती. तिशीच्या उंबरठ्यावर शरीर सांभाळायचं असेल तर काहीतरी करायला हवं हे त्यांच्या ध्यानात आलं.

आणि सँडो औंधात आला, पण पार्सलमधून

१८९७ साल. त्या वर्षी लंडनमध्ये एका माणसाच्या नावाची जबरदस्त हवा होती. युजेन सँडो.

सँडो मूळचा प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. जन्म १८६७ चा, म्हणजे आपल्या बाळासाहेबांपेक्षा जेमतेम दीड वर्षानं मोठा. सर्कस आणि नाटकगृहांत ताकदीचे खेळ करता करता तो लंडनला पोचला आणि १८८९ मध्ये भर रंगमंचावर त्या वेळच्या नामी पहिलवानाला हरवून एका रात्रीत प्रसिद्ध झाला. एडिसनच्या कंपनीनं १८९४ मध्ये त्याची हलती चित्रं टिपली. आज आपण ज्याला बॉडीबिल्डिंग म्हणतो, त्याचा आद्य पुरुष म्हणून सँडोचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्रात बिनबाह्यांच्या बनियनला आजही सँडो म्हणतात, ते याच माणसावरून.

पण सँडोचं डोकं दंडापेक्षा भारी होतं. त्याच्या लक्षात आलं की आपण एका वेळी एकाच थिएटरात उभे राहू शकतो, पुस्तक मात्र जगभर जाऊ शकतं. १८९७ मध्ये त्याचं शक्ती आणि ती मिळवायची पद्धत सांगणारं पुस्तक आलं. त्यात नुसती पहिलवानाची आत्मस्तुती नव्हती. कोणत्या वयाच्या माणसानं कोणता व्यायाम किती वेळा करायचा याचे तक्ते होते. व्यायामांना क्रमांक होते. सोबत डंबेल्स आणि रबराच्या दोऱ्यांचं यंत्र विकत मिळायचं. माणूस लंडनमध्ये असो की आफ्रिकेत, पुस्तक उघडायचं आणि सुरुवात करायची.

त्याच वर्षी औंधच्या भवानरावांनी सँडोची पुस्तकं आणि सामान मागवून घेतलं.

आणि इथंच त्यांचं वेगळेपण दिसतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादं डंबेल कपाटाखाली धूळ खात पडलेलं असतं. जानेवारीत आणलेलं, फेब्रुवारीत विसरलेलं. भवानरावांनी मात्र पुस्तकात लिहिलंय तसं, लिहिलंय तितकं, रोज, दहा वर्षं केलं. छाती भरली, दंड कमावले, प्रकृती सुधारली. मधल्या काळात, १९०४-०५ च्या सुमाराला, स्वतः सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला आणि इथं त्याच्या नावाचं वेड आणखी वाढलं. भवानराव मात्र तो यायच्या सात वर्षं आधीपासून त्याचे शिष्य होते, टपालानं झालेले.

त्याच काळात जुजुत्सूही पुस्तकात शिरत होतं

सँडो डंबेल विकत होता त्याच लंडनमध्ये दुसरी एक लाट येत होती. एडवर्ड बार्टन-राइट नावाचा एक इंजिनीअर १८९८ मध्ये जपानहून परतला. या गड्याचा जन्म आपल्याकडचा, बंगळुरूचा, १८६० चा. जपानात त्यानं जुजुत्सू पाहिलं, शिकलं आणि त्यात काठी, बॉक्सिंग मिसळून स्वतःच्या नावावरून बार्टित्सू नावाचा प्रकार सुरू केला. त्याचं तंत्र त्यानं फोटोंसकट लंडनच्या मासिकात छापलं. अंगावर धावून येणाऱ्याचा हात कसा अडकवायचा, ताकदवान माणसाला त्याच्याच वजनानं कसं पाडायचं. शेरलॉक होम्स मोरियार्टीच्या तावडीतून सुटतो ते ज्या विद्येमुळं, ती हीच. कॉनन डॉयलनं गोष्टीत तिचं नाव किंचित बदलून वापरलंय. गंमत म्हणजे हेच कॉनन डॉयल १९०१ मध्ये सँडोच्या शरीरसौष्ठव स्पर्धेचे परीक्षक होते.

पुढं १९०५ मध्ये जुजुत्सूची जाडजूड पुस्तकं इंग्रजीत आली. त्यातलं एक लंडनमध्ये शिकवणाऱ्या सादाकाझू उयेनिशीचं होतं, दुसरं अमेरिकेतल्या हँकॉक आणि हिगाशी या जोडीचं. पानोपानी फोटो. जे डाव कधी काळी शपथ घेऊन, गुंडाळ्यांमध्ये लपवून शिष्याला दिले जायचे, ते आता दुकानात विकत मिळायला लागले.

म्हणजे पुस्तकातून शरीर शिकणं ही भवानरावांची एकट्याची लहर नव्हती, तो त्या काळाचा वाराच होता. मग प्रश्न असा की डंबेल पुस्तकातून जमलं, तसं कोपराचं कुलूप जमेल का?

पुस्तक कुठपर्यंत पोचतं?

कोपर म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा सांधा. एका बाजूला दुमडतो, सरळ होतो आणि तिथंच थांबतो. कुलूप लावणं म्हणजे त्याला थांबायच्या जागेच्या पुढं न्यायचा प्रयत्न करणं. त्याला तीन गोष्टी लागतात. मनगट पक्कं धरलेलं हवं, कोपराच्या वर टेकू हवा आणि खांदा हलू नये अशी सोय हवी. हे तिन्ही जमलं की बारीक माणूसही जाड्या माणसाला जागेवर बसवतो. यातलं एक जरी सुटलं की समोरचा हात वळवून निसटतो.

आता पुस्तक काय दाखवतं? सुरुवातीचा फोटो आणि शेवटचा फोटो. मधला अर्धा सेकंद फोटोत मावत नाही. समोरच्यानं हात आखडला तर काय, तो पुढं ढकलायला लागला तर काय, जोर किती लावायचा आणि कुठं थांबायचं, हे कागदावर येत नाही. ते दुसऱ्याच्या हाताला हात लावूनच कळतं. म्हणून जुजुत्सू-जुदोत पहिला धडा असतो थोपटायचा. कुलूप बसलं की हातानं थाप मारायची, आणि ती थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. घाईघाईत, गरम न होता, मित्रावर झटका देऊन डाव करून बघितला तर सांध्याचे बंध ताणले जातात आणि ते बरं व्हायला महिने लागतात.

डंबेलचं तसं नाही. डंबेल प्रतिकार करतं, पण निसटत नाही, चिडत नाही आणि त्याचं मनगट मोडत नाही. एकट्यानं करायचा व्यायाम पुस्तकात मावतो. दुसऱ्याच्या शरीरावर करायची विद्या अर्धीच मावते.

म्हणून पुस्तक वाया जातं का? तर नाही. जुदोचे जनक जिगोरो कानो यांचीच गोष्ट बघा. ते १८६० चे. तरुणपणी तोक्योत जुजुत्सू शिकायचं म्हणून गुरू शोधत ते हाडवैद्यांकडं चौकशी करत फिरले, कारण जुजुत्सूवाले बरेचदा हाडं बसवायचंही काम करायचे. गुरू मिळाला, पण तालमीत एक धिप्पाड गडी काही केल्या पडेना. तेव्हा कानो ग्रंथालयात गेले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं काढली आणि त्यातून समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकायचा डाव उचलला. आपल्या कुस्तीतल्या कलाजंगाच्या जवळपासचा. तो डाव त्यांनी साथीदारावर घोटला आणि मगच त्या गड्यावर टाकला. आजही तो जुदोत शिकवला जातो. १८८२ मध्ये कानोंनी आपली कोदोकान ही संस्था काढली.

म्हणजे पुस्तकानं कल्पना दिली, पण ती पक्की झाली ती गादीवर, दुसऱ्या माणसाच्या वजनाखाली.

आपल्याकडंही हीच रीत होती. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकराव लाठी, जंबिया शिकवायचे आणि निखळलेले सांधे बसवण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्याला सांधा कसा निसटतो हे कळतं, त्यालाच तो कसा बसतो हे कळतं, इतका साधा हिशोब. पुढं कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात याच माणिकरावांकडं शिकत होते. पुढं १९३६ पासून बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला. म्हणजे तिथं आखाडा आणि पुस्तक एकाच गावात हातात हात घालून होते.

१९०८ : डंबेल खाली ठेवलं

पुन्हा औंधला येऊ.

दहा वर्षं सँडो केल्यावर भवानरावांच्या आयुष्यात वळण आलं ते मिरजेमुळं. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन हे सूर्यनमस्काराचे जुने भक्त. त्यांच्या आग्रहावरून १९०८ मध्ये भवानरावांनी नमस्कार सुरू केले आणि मग आयुष्यभर सोडले नाहीत.

आता सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेत नमस्कार होतेच. गावोगावच्या तालमीत आणि ब्राह्मण घरांत ते घातले जायचे. पण ते शिकायची पद्धत एकच, बापानं घातले की पोरानं बघून घालायचे. कुणाचा गुडघा टेकायचा, कुणाचा नाही. कुणी श्वास रोखायचा, कुणी नाही. जो तो आपल्या घरची रीत.

भवानरावांकडं मात्र एक अशी गोष्ट होती जी बाकीच्या नमस्कार घालणाऱ्यांकडं नव्हती. ते दहा वर्षं पुस्तकाचे विद्यार्थी होते. समोर कुणी नसताना माणूस कुठं अडतो, कोणतं वाक्य अपुरं पडतं, कोणता फोटो चुकीच्या बाजूनं काढलाय म्हणून कळत नाही, हे त्यांनी भोगलं होतं. सँडोचं पुस्तक वाचून ते डंबेल शिकलेच, पण व्यायाम कागदावर कसा मांडायचा हेही शिकले असणार. त्यांनी पुढं जे केलं ते बघितलं की हे पटतं.

राजा झाले आणि अख्खी शाळा नमस्कार घालायला लागली

१९०९ मध्ये भवानराव गादीवर बसले, वयाच्या ४१ व्या वर्षी.

दुसऱ्याच वर्षी त्यांच्या दारात बेळगावहून एक अडचणीत आलेला माणूस आला. नगरपालिकेनं त्याच्या कारखान्याची जागा मागितली होती आणि तो नवी जागा शोधत होता. त्याला भवानरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर कर्जही दिलं. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये उभी राहिली ती किर्लोस्करवाडी.

पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले आणि तिथून त्यांनी वेदांवरची पुस्तकं काढली. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा पाठीशी उभे राहणाऱ्यांत हे चिमुकल्या संस्थानाचे राजे पुढं होते. स्वतः काढलेल्या रामायणाच्या चित्रांचं पुस्तक त्यांनी छापलं, अजिंठ्यावर पुस्तक केलं आणि औंधच्या टेकडीवर चित्रांचं संग्रहालय बांधलं. ते आजही बघता येतं. साने गुरुजी आणि गदिमा विद्यार्थिदशेत ज्या शाळेत होते, ती औंधचीच.

त्या शाळांत भवानरावांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही. बायकांनी व्यायाम करणं म्हणजे काहीतरी भलतंच असं समजायचे दिवस होते ते. भवानरावांनी सुरुवात घरापासून केली. राणीसाहेब आणि मुलंबाळं सगळी नमस्कार घालायची.

राजानं फर्मान काढलं आणि प्रजेनं मान डोलावली इतकं ते सोपं नव्हतं. सक्ती म्हटली की कुरकुर आली, आणि व्यायामात धर्म येतो की काय हा सवालही आलाच, कारण नमस्कारासोबत मंत्र असायचे. भवानरावांची मंत्रांवर श्रद्धा होती, ते मोठ्यानं उच्चारले की छातीला आणि श्वासाला फायदा होतो असं ते मानत. तो वाद आजही शाळांमध्ये अधूनमधून डोकं वर काढतोच.

मग आलं त्यांचं स्वतःचं पुस्तक

१९२८ मध्ये भवानरावांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. आणि त्याची मांडणी बघितली की सँडोचा शिष्य लगेच ओळखू येतो.

एका नमस्काराचे दहा भाग, दहांना क्रमांक. प्रत्येक स्थितीचा फोटो. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते वेगळं सांगितलेलं. एकदा जमिनीवर टेकवलेले तळहात शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, असे बारकावे. मोजायचं कसं, वाढवायचं कसं, खायचं काय, टाळायचं काय हेही त्यात होतं. आज आपण बहुतेक ठिकाणी बारा स्थितींचा नमस्कार शिकतो, त्यांचा दहाचा होता.

पुस्तकावरच ते थांबले नाहीत. फोटोत मधली हालचाल मावत नाही ही अडचण होतीच की. मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः नमस्कार घातले. साठीला टेकलेले राजेसाहेब उघड्या अंगानं एकामागून एक नमस्कार घालतायत अशी मूक चित्रफीत आजही बघायला मिळते. आजच्या भाषेत सांगायचं तर पुस्तक कमी पडतं म्हणून त्यांनी व्हिडीओ काढला होता.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वय ६८, तोंडावर तेज, पाठ ताठ. लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकातल्या पत्रकार लुईझ मॉर्गन त्यांना भेटल्या. या वयात हा माणूस असा दिसतो कसा, या कुतूहलातून त्यांनी त्यावर लिहिलं आणि वाचकांच्या त्यावर उड्या पडल्या. १९३८ मध्ये मॉर्गनबाईंनी संपादित केलेली भवानरावांच्या पुस्तकाची आवृत्ती लंडनच्या डेंट या प्रकाशनानं काढली. त्याच्या नावातच दहा पायऱ्या होत्या.

जरा थांबून हे चक्र बघा. १८९७ मध्ये लंडनहून एक पुस्तक औंधला आलं आणि एका माणसानं त्यातून व्यायाम शिकला. चाळीस वर्षांनी औंधहून एक व्यायाम लंडनला गेला, आणि तिथली माणसं आपापल्या घरात पुस्तक उघडून तो शिकायला लागली.

राज्यही देऊन टाकलं

भवानरावांची गोष्ट व्यायामावर संपत नाही. १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता लोकांच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधला राज्यघटना मिळाली. गावपंचायतीपासून वर कारभार चालवायचा ही कल्पना. त्यामागं त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले इंजिनीअर मॉरिस फ्रिडमन आणि स्वतः महात्मा गांधी होते. हाच तो औंधचा प्रयोग. आटपाडीजवळ कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायची स्वतंत्रपूरची वसाहत याच काळातली. दो आँखें बारह हाथ हा शांतारामबापूंचा सिनेमा तिच्यावरूनच सुचला.

१९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला भवानराव गेले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. आप्पासाहेब पुढं स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं.

मग पुस्तकातून शिकायचं की नाही?

भवानरावांच्या आयुष्याकडं बघून तीन गोष्टी ठरवता येतात.

एक, एकट्यानं करायचं ते पुस्तकातून किंवा मोबाईलवरून बिनधास्त शिका, पण त्यातलं एकच निवडा आणि टिकवा. भवानरावांकडं एकाच पद्धतीची पुस्तकं होती आणि हातात दहा वर्षं होती. आपल्याकडं दहा हजार व्हिडीओ असतात आणि दहा दिवस.

दोन, दुसऱ्याच्या शरीरावर करायची विद्या असेल, म्हणजे सांध्यांची कुलपं, सुटका, पाडणं, तर पुस्तकाला जोडीदार लागतोच. आणि दोघंही नवखे असतील तर एक जाणकार डोळा लागतो. तोवर डाव हळू करायचा, झटका द्यायचा नाही आणि थाप पडली की सोडायचं. स्वसंरक्षणाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. खरा हल्लेखोर फोटोतल्यासारखा हात पुढं करून थांबत नाही. त्यामुळं दोन-चार सुटका शंभर वेळा घोटलेल्या बऱ्या, शंभर कुलपं दोनदा बघितलेली काही कामाची नाहीत. आणि पळायला वाट असेल तर पळणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला डाव.

तीन, आपण पुस्तकातून शिकताना जिथं अडलो ते लक्षात ठेवायचं. कारण पुढच्या माणसाला शिकवताना तेच कामाला येतं. भवानरावांनी दुसऱ्याच्या पुस्तकात जे भोगलं, ते स्वतःच्या पुस्तकात वाचकाला भोगायला लावलं नाही.

आणि एवढं करूनही घरातलं कुणी म्हणालंच की पुस्तक वाचून काही येत नसतं, तर त्यांना सातारा जिल्ह्यातल्या एका राजाचं नाव सांगा. सोबत हेही सांगा की त्यानं ते पुस्तक दहा वर्षं रोज उघडलं होतं.